आधी पाऊल, मग पाटी

श्रोतेहो, गुढीपाडव्याच्या सकाळी तुम्ही कधी डोंबिवलीला आला आहात का? नसाल तर एकदा अवश्य या. १९९९ साली तिथल्या श्रीगणेश मंदिर संस्थानाने नववर्षाची स्वागतयात्रा सुरू केली. पुढे गावोगावी तशा यात्रा निघू लागल्या. त्या सकाळी फडके रोडवर पाय ठेवायला जागा नसते. पुढे पालखी, मागे लेझीमची पथके, ढोल, ताशे, झांजा, नऊवारी नेसलेल्या बायका, सारा गाव रस्त्यावर लोटलेला असतो.

त्या गर्दीत मी दरवर्षी एक गोष्ट पाहतो. लेझीमच्या रांगेच्या कडेला एखादे चार-पाच वर्षांचे पोर बापाचे बोट धरून उभे असते. त्याला कुणी काही शिकवलेले नसते. पण ताशा कडाडला की त्याचे गुडघे लवू लागतात, मान डोलू लागते, आणि थोड्याच वेळात त्याचे पाऊल नेमके ढोलाच्या ठोक्यावर पडू लागते. बाप म्हणतो, “अरे, नीट उभा राहा.” पण ते पोर कसले ऐकते!

आता हेच पोर दोन वर्षांनी शाळेत जाते. संगीताच्या तासाला त्याला हाताची घडी घालून बसवतात. हलायचे नाही, डुलायचे नाही, पेटीतून निघेल तो सूर गळ्यातून काढायचा. तो निघाला नाही की गुरुजी म्हणतात, “तू आपला नुसते ओठ हलव.” मलाही लहानपणी असेच सांगितले होते. तक्रार म्हणून हे सांगत नाही, गुरुजींचा हेतू वाईट नव्हता. पण पुढची कितीतरी वर्षे मी गाण्याच्या वाटेला गेलो नाही. गाणे ही आपली गोष्ट नव्हे, असे मी धरून चाललो होतो.

म्हणून आज एका साध्या प्रश्नाचा इतिहास तुमच्यापुढे मांडायचा आहे. संगीत माणूस शिकतो तो आधी कशाने? कानाने, गळ्याने, की हातापायांनी? आणि आपल्या मुलुखात ते पूर्वी कसे शिकवत असत?

या प्रश्नाचे निम्मे उत्तर आपल्या भाषेतच आहे. आपण ताल ‘धरतो’. ठेकाही धरतो. तबला शिकणाऱ्या मुलाबद्दल विचारले तर त्याचे गुरू सांगतात, “अजून हात बसायचा आहे.” भजनात पावले टाकतात, तिला ‘पावली’ म्हणतात. ढोलपथकातली मुले वाजवण्याच्या प्रकारांनाच ‘हात’ म्हणतात. पहिला हात, दुसरा हात, तिसरा हात. धरणे, बसणे, पाऊल, हात, हे सगळे शब्द अंगाचे आहेत. ज्या लोकांनी ते घडवले, त्यांना ताल कुठे राहतो हे पक्के ठाऊक होते.

आता जरा मागे जाऊ. तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात देवगिरीला, म्हणजे आजच्या दौलताबादला, यादवांचे राज्य होते आणि सिंघण नावाचा राजा गादीवर होता. त्याच्या दरबारी शार्ङ्गदेव नावाचे एक गृहस्थ होते. त्यांचे घराणे मूळचे काश्मीरचे. आजोबा दक्षिणेत आले, वडील सोढल यादवांच्या हिशेबखात्यात मोठ्या हुद्द्यावर चढले, आणि शार्ङ्गदेवांनीही तीच कचेरी सांभाळली. दिवसा जमाखर्च पाहणाऱ्या या माणसाने ‘संगीतरत्नाकर’ नावाचा ग्रंथ लिहिला. उत्तर हिंदुस्थानी आणि कर्नाटक, अशा दोन्ही पद्धतींचे गायक-वादक आजही तो ग्रंथ आपला मानतात. तो लिहिला गेला आपल्या महाराष्ट्रात, हे मात्र आपल्यातल्या पुष्कळांना माहीत नसते.

या ग्रंथाचे सात अध्याय आहेत. पहिला स्वरांचा, पाचवा तालाचा, सहावा वाद्यांचा आणि सातवा नृत्याचा. गाण्याच्या ग्रंथात नृत्य कशाला, असे आपल्याला आज वाटते. पण शार्ङ्गदेवांच्या मते गाणे, वाजवणे आणि नाचणे या तिघांना मिळूनच संगीत म्हणायचे, आणि हे तिन्ही ज्या पायावर उभे राहतात तो ताल.

ताल दाखवायचा कसा, तेही त्यांनी सांगितले आहे. ही विद्या त्यांच्याही आधीची. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात, म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी, तिची मांडणी झालेली होती. ताल हाताने दाखवायचा आणि त्यासाठी हाताच्या आठ क्रिया. त्यांतल्या चार आवाजाच्या: उजव्या हाताची टाळी ती शम्या, डाव्या हाताची तो ताल, दोन्ही हात एकत्र आले की संनिपात, आणि चुटकी वाजवली की ध्रुव. उरलेल्या चार बिनआवाजाच्या: आवाप, निष्क्राम, विक्षेप आणि प्रवेश. यांत बोटे मिटायची, पसरायची, हात बाजूला न्यायचा, परत आत घ्यायचा.

मंडळी, या चार मुक्या क्रिया मला फार महत्त्वाच्या वाटतात. आवाज नसतानाही काळ चाललेला असतो, आणि तो चुकू नये म्हणून हात हलता ठेवायचा, हे त्या लोकांनी ओळखले होते. आपल्या आजच्या तबल्याच्या तालात टाळी आणि ‘खाली’ असते ना, ती याच पद्धतीची लेक समजा. त्रितालाच्या सोळा मात्रा मोजताना पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी वाजते, आणि नवव्या मात्रेला हात नुसता उघडा पडतो. त्या उघड्या पडलेल्या हाताला दोन हजार वर्षांचा इतिहास आहे.

ही झाली शास्त्राची बाजू. पण देवगिरीचा ग्रंथ वाचणारे किती असणार? खेड्यापाड्यांतली माणसे ताल कुठे शिकली? ती कामात शिकली आणि सणात शिकली.

पहाटेचे जाते आठवा. दोघी समोरासमोर बसल्या आहेत, खुंट्यावर दोघींचे हात आहेत, आणि ओवी चालली आहे. ओवीची ओढ जात्याच्या फेऱ्याशी जुळलेली असते. म्हातारीला नुसते म्हटले, “आजी, एक ओवी सांगा,” तर ती दोन शब्दांवर अडते. पण जात्याशी बसवा, हात फिरू द्या, की तिला एकीमागून एक आठवत जातात. गी पॉइत्व्हाँ आणि हेमा राईरकर या दोघांनी १९८० नंतरच्या काळात आपल्या सहकाऱ्यांबरोबर गावोगाव हिंडून अशा ओव्या जमवल्या. हजाराहून अधिक गावांतून एक लाखावर ओव्या मिळाल्या. इतके मोठे भांडार बायकांनी वहीवाचून सांभाळले, ते या हाताच्या फेऱ्यांवर. पिठाची गिरणी आली, बायकांचे कष्ट वाचले, ते फार चांगले झाले. पण ओवीची शाळा त्याबरोबर बंद पडली, हेही खरे.

नवरात्राच्या दिवसांत मुली भोंडला खेळतात. पाटावर हत्ती काढतात, भोवती फेर धरतात. मोठ्या मुली गातात, धाकट्या त्यांचे हात धरून नुसत्या फिरतात. पहिल्या वर्षी धाकटीला गाणे येत नाही, फक्त फेर येतो. दुसऱ्या वर्षी धृपद येते. तिसऱ्या वर्षी ती दुसऱ्या धाकटीचा हात धरते. मंगळागौरीचा झिम्मा, फुगडी यांचेही तेच. आता डोंबिवली-ठाण्याकडे मंगळागौरीचे खेळ करणारे बायकांचे संच झाले आहेत. नोकरी, घर सांभाळून त्या सराव करतात. त्यांना विचारा, गाणी पाठ कशी झाली? त्या म्हणतील, “पाठ कुठे केली? खेळता खेळता आली.”

वारकऱ्यांची दिंडी तर चालती शाळाच. मध्ये वीणेकरी, मृदंगवाला, दोन्ही बाजूंना टाळकऱ्यांच्या रांगा. टाळ हातात, अभंग मुखात आणि पावली पायात, असे तिन्ही एकदम चालते. १९१७ साली जोग महाराजांनी आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली. तिथे शिस्तीने अभ्यास होतो. पण हजारो वारकरी त्या संस्थेत न जाताही तालात चालतात, ते रांगेत उभे राहून शिकले म्हणून. नवखा आला की त्याला दोन जाणत्यांच्या मध्ये उभे करायचे. दोघांची पावले पडतात, त्यांच्या मध्ये तिसऱ्याचे पाऊल आपोआप पडते. कुणी त्याला ‘तू नुसते ओठ हलव’ म्हणत नाही.

आणि आपल्या जुन्या ठाणे जिल्ह्याच्या डोंगरपट्टीत, डहाणू-जव्हारकडे, वारली लोकांचा तारपा. २०१४ पासून हा भाग पालघर जिल्ह्यात मोडतो. वाळलेला दुधी भोपळा, त्याला बांबूच्या दोन नळ्या आणि पुढे ताडाच्या पानांचा कर्णा, असे हे वाद्य. भात पिकले की वाजू लागते. वाजवणारा मध्ये, आणि एकमेकांच्या कमरेला हात घातलेल्या बायका-पुरुषांची साखळी त्याच्याभोवती गोल फिरते. वारली चित्रांत तुम्ही ही वळणावळणाची साखळी पाहिली असेल. वाजवणारा सूर पालटतो तशी पावले पालटतात. तोंडाने हुकूम कुणी देत नाही. साखळीतल्या प्रत्येकाला शेजाऱ्याच्या अंगातून चाल कळते. लहान पोरे शेपटीला लटकतात, फरफटतात, पडतात, पुन्हा लटकतात, आणि अशीच शिकतात.

सांगायचे तात्पर्य, आपल्याकडे क्रम असा होता: आधी पाऊल, मग कान, मग गळा, आणि सगळ्यांत शेवटी, गरज पडली तर, लिहिणे.

मग हा क्रम उलटला कधी? याचे उत्तर देताना कुणाला दोष द्यायचा नाही, कारण ज्यांनी शाळा काढल्या त्यांचे उपकार मोठे आहेत. कुरुंदवाडला जन्मलेल्या पंडित विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, आणि १९०८ साली ते मुंबईत आणले. त्यापूर्वी चांगले गाणे शिकायचे म्हणजे एखाद्या उस्तादाच्या घरी वर्षानुवर्षे राबायचे. ते ज्याला शक्य नव्हते, त्याला विद्या मिळत नव्हती. पलुसकरांनी गाणे वर्गात आणले, पुस्तकात आणले, सभ्य घरांतल्या मुलामुलींना त्याचे दार उघडून दिले. इकडे मुंबईत पंडित भातखंडे यांनी देशभर हिंडून चिजा गोळा केल्या, आणि त्या लिहिण्याची सोपी पद्धत बसवली.

भातखंड्यांची लिपी तुम्ही पाहिली असेल. वर स्वर लिहिलेले असतात आणि खाली समेला फुलीची खूण, टाळ्यांना आकडे आणि खालीला शून्य. म्हणजे पाहा, लिहिणाऱ्याने हाताला कागदावरही जागा ठेवली होती! ती फुली म्हणजे एक टाळी आहे आणि ते शून्य म्हणजे उघडा पडलेला हात.

पण पुढे वर्ग मोठे झाले, परीक्षा आल्या. एका खोलीत चाळीस मुले, एक पेटी आणि एक मास्तर. चाळीस मुले हलू लागली तर गोंधळ. म्हणून त्यांना बसवले. फुली आणि शून्य वहीत राहिले. ‘त्रितालाची दुगुन लिहा’ या प्रश्नाला मुलांना गुण मिळू लागले, पण तीच दुगुन हाताने दाखव म्हटले की मुलगा इकडेतिकडे पाहू लागला. चूक कुणा एकाची नव्हती. पण ताल अंगातून निघून वहीत गेला, आणि ज्यांच्या अंगात तो आपसूक होता त्यांनाही वाटू लागले की आपल्याला संगीत येत नाही.

गंमत अशी, की याच सुमारास हजारो कोस दूर, स्वित्झर्लंडच्या जिनिव्हा शहरात, एका संगीतशिक्षकापुढे हाच पेच उभा होता. त्यांचे नाव एमिल झाक-दालक्रोज. १८६५ साली जन्म, आणि १८९२ पासून ते तिथल्या संगीतशाळेत शिकवत. त्यांच्या ध्यानात आले की मुलांची बोटे पियानोवर झपाझप चालतात, पण लय धरता येत नाही. लिहिलेले वाजवतात, पण वाजवण्याआधी ते मनात ऐकू येत नाही. त्यांनी विचार केला: ही मुले चालताना तर अडखळत नाहीत! मग चालण्यापासूनच सुरुवात का करू नये?

त्यांनी मुलांना बाकावरून उठवले. स्वतः पियानोशी बसून ते वाजवत, आणि मुले त्या लयीत चालत, धावत, थांबत. लय जलद झाली की पावले जलद. मध्येच इशारा झाला की तत्क्षणी थांबायचे किंवा दिशा बदलायची. पुढे हातांनी एक लय आणि पायांनी दुसरी. लोक हसले. प्रतिष्ठित संगीतशाळेत ही काय माकडचेष्टा, असे म्हणणारेही निघाले. पण जर्मनीत ड्रेस्डेनजवळ हेलेराउ या नव्या वसाहतीत १९११ साली त्यांच्यासाठी खास शाळा बांधली गेली, आणि महायुद्ध पेटल्यावर १९१५ साली त्यांनी जिनिव्हातच आपली संस्था काढली. १९५० साली ते वारले, पण संस्था चालू राहिली.

त्यांच्यानंतर जर्मनीतल्या म्युनिकचे कार्ल ऑर्फ. १९२४ साली तिथे संगीत, व्यायाम आणि नृत्य एकत्र शिकवणारी एक शाळा निघाली, तिच्यात ते होते. त्यांनी मुलांच्या बोलण्यातून, नावांतून, खेळांतल्या गाण्यांतून ताल काढला, आणि तो टाळ्या, चुटक्या, मांडीवरच्या थापा यांनी वाजवायला शिकवला. आणि एक गोष्ट आपण रेडिओवाल्यांनी अभिमानाने ध्यानात ठेवावी अशी आहे. १९४८ साली बव्हेरियाच्या रेडिओवरून ऑर्फ यांचे हे पाठ मुलांसाठी ध्वनिक्षेपित झाले, आणि तिथून त्यांचा प्रसार जगभर झाला.

युरोपातल्या या मंडळींनी जे मोठ्या खटाटोपाने पुन्हा शोधून काढले, ते आपल्या भोंडल्यात आणि दिंडीत बसलेले होते. हे मी फुशारकी म्हणून सांगत नाही. त्यांच्याकडून घेण्यासारखी एक मोठी गोष्ट आहे. आपल्याकडे ते सणापुरते राहिले. त्यांनी ते शाळेच्या तासात आणले, पायरी पायरीने बसवले.

कुणी म्हणेल, हे सारे ठीक, पण याला शास्त्राचा आधार काय? तर २००५ साली कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात जेसिका फिलिप्स-सिल्व्हर आणि लॉरेल ट्रेनर या दोघींनी एक प्रयोग केला. सात महिन्यांची बाळे घेतली. त्यांना एकसारख्या ठोक्यांची एक लय ऐकवली, तिच्यात कुठलाच ठोका जोराचा नव्हता. ऐकवताना निम्म्या बाळांना दर दुसऱ्या ठोक्याला हातात झेलल्यासारखे वरखाली केले, उरलेल्यांना दर तिसऱ्या ठोक्याला. मग तीच लय त्यांना जोर देऊन ऐकवली, एकदा दुसऱ्या ठोक्यावर जोर, एकदा तिसऱ्यावर. ज्या बाळाला जसे हलवले होते, तसाच जोर असलेली लय ते अधिक वेळ ऐकत राहिले. डोळे बांधलेल्या बाळांचेही तसेच झाले. पण ज्या बाळांना हलवले नाही, ज्यांनी फक्त दुसऱ्याला हलताना पाहिले, त्यांच्यात हा फरक दिसला नाही.

याचा अर्थ समजून घ्या. बाळाचे अंग जसे हलले, तसे त्याच्या कानाला ऐकू आले. पाहून ते साधले नाही. आपल्या आया-आज्या बाळाला पायांवर घेऊन झुलवत, तोंडाने बडबडगीत म्हणत. त्या नुसते रडे थांबवत नव्हत्या, ताल शिकवत होत्या.

आता पुन्हा आपल्या जिल्ह्यात येऊ. भावनगरला गिजुभाई बधेका यांनी १९२० साली बालमंदिर काढले होते. तिथे ताराबाई मोडक यांनी त्यांच्याबरोबर काम केले, आणि १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ निघाला. मादाम मॉन्टेसरींच्या पद्धतीत जमिनीवर आखलेल्या रेषेवरून मुलांना तोल सांभाळून, संगीताच्या साथीने चालवतात. पण ती साधने महाग, शहरातल्या घरांसाठी ठीक. गरीब खेड्यातल्या मुलांचे काय? हा प्रश्न घेऊन ताराबाई १९४५ साली ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला गेल्या आणि तिथे बालवाडी सुरू केली. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. १९५७ साली दोघी कोसबाडच्या टेकडीवर गेल्या, वारली मुलांमध्ये. शिंपले, गारगोट्या, पाने, बिया हीच त्यांची साधने. मुले शाळेत येईनात तेव्हा त्यांनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली, गुरे चारणाऱ्यांसाठी कुरणात नेली. तारप्यामागे फिरणाऱ्या मुलाला भिंतींच्या आत हाताची घडी घालून बसवणे म्हणजे त्याला पळवून लावणे, हे त्या जाणून होत्या. हावभाव करीत म्हणायची गाणी, अभिनयगीते, बडबडगीते ही आज महाराष्ट्रातल्या कुठल्याही अंगणवाडीत ऐकू येतात. त्यांच्यामागे या दोघींसारख्यांची आयुष्ये आहेत.

दुसरी गोष्ट लेझीमची. लेझीम मूळची आखाड्यातली. नेमबाजाने दंड कमावण्यासाठी वापरायचे ते सरावाचे धनुष्य. दोरीच्या जागी लोखंडी साखळी, आणि साखळीत चकत्या. चकत्या वाजतात म्हणून तिला ताल आला, आणि हळूहळू तिरंदाजी गळून ताल तेवढा राहिला. आखाड्यातून ती शाळेच्या मैदानावर आली. ‘चार आवाज’, ‘एक जागा’, ‘दो रुख’ हे तिचे हुकूम अनेकांना अजून आठवत असतील. ज्या शाळेत पेटी नव्हती, संगीताचा मास्तर नव्हता, तिथेही लेझीम होती. आपल्या राज्यातल्या लाखो मुलांना तालाचा पहिला धडा तिने दिला, पण वेळापत्रकात तो व्यायामाच्या तासात लिहिला गेला. त्यामुळे आपण संगीत शिकतो आहोत, हे ना मुलांना कळले, ना मास्तरांना.

इथे दोन गोष्टींची सावधगिरी सांगितली पाहिजे. पहिली अशी, की कवाईत आणि ताल एक नव्हेत. शिटीवर पाय आपटणारा मुलगा हुकूम पाळतो. ताशा ऐकून पाय टाकणारा मुलगा ऐकतो. मास्तर सारखे ‘एक-दोन-तीन-चार’ ओरडत राहिले तर मुलांचे कान झोपतात. आकडे मुलांना मोजू द्या, तुम्ही वाजवा. दुसरी गोष्ट मोठ्या आवाजाची. ढोल जोरात म्हणजे ताल पक्का, असे नव्हे. त्या आवाजाने शेजाऱ्यांची झोप जाते आणि वाजवणाऱ्यांच्या कानाला इजा होते ती निराळीच. चार मुक्या क्रिया आठवा. ज्याला आवाजाशिवाय लय सांभाळता येते, त्याचाच ताल खरा बसला.

शिक्षक बंधुभगिनींनो, आता तुमच्यासाठी चार साध्या गोष्टी सांगतो. यांना पेटी-तबला लागत नाही, आणि तुमचा गळा गोड असण्याचीही गरज नाही.

एक: पत्र्याचा डबा घ्या, नाहीतर टेबलावर थाप मारा. मुलांना त्या लयीत अंगणात चालू द्या. तुम्ही थांबलात की मुलांनी थांबायचे. लय वाढवा, उतरवा. मुलांशी बोलू नका. त्यांना ऐकावे लागले पाहिजे.

दोन: नावे टाळीत बसवा. सखूच्या दोन टाळ्या, यशोदाच्या तीन, गोदावरीच्या चार. एका गटाने सखू वाजवायची, दुसऱ्याने त्याच वेळात गोदावरी. दुगुन म्हणजे काय, हे मुलांना व्याख्येवाचून कळेल.

तीन: केहरव्याच्या आठ मात्रा मोजा. पहिलीला टाळी, पाचवीला हात उघडा. मग एक फेरा तोंडाने न बोलता, नुसत्या हाताने. सगळ्या वर्गाची पुढची टाळी एकदम पडली की मुलांचे चेहरे पाहा. त्यानंतर फळ्यावर फुली आणि शून्य काढा. त्या खुणांचा अर्थ तोवर त्यांच्या हातात आलेला असेल.

चार: ज्याचा ताल चुकतो त्याला बाहेर काढू नका, दोन जाणत्यांच्या मध्ये उभे करा. पायाने अधू असेल त्याने हाताने ताल धरावा. कानाने कमी ऐकू येत असेल त्याला डब्यावर तळहात ठेवू द्या. ठोका त्याला हाताला लागतो.

शेवटी माझीच गोष्ट पुरी करतो. ओठ हलवणारा तो मुलगा मोठा झाला, नोकरीला लागला, आणि डोंबिवलीहून रोज लोकलने मुंबईला जाऊ लागला. कल्याणपर्यंत आगगाडी आली १८५४ साली. तेव्हापासून या मार्गाने किती माणसे वाहून नेली असतील याला गणती नाही. आमच्या डब्यात एक भजनी मंडळ होते. गर्दी इतकी, की हात वर केला तर खाली घेता येत नसे. एक गृहस्थ डब्याच्या पत्र्यावर थाप मारून ठेका धरीत, दोघे टाळ वाजवीत. पहिले काही दिवस मी नुसता उभा होतो. पण खांद्याला खांदा लागलेला, शेजारचा डोलला की मीही डोलणार, दुसरे करतो काय? असे काही महिने गेले. एक दिवस ठेका धरणारे गृहस्थ आले नाहीत. कुणीतरी माझ्याकडे पाहून म्हणाले, “धरा हो तुम्ही.” मी पत्र्यावर हात ठेवला आणि तो चालू लागला. त्या दिवशी मी मोठ्याने गायलोही. सूर कसा लागला कोण जाणे, पण थांब म्हणून कुणी सांगितले नाही.

श्रोतेहो, येत्या पाडव्याला रस्त्याच्या कडेला एखादे पोर पाय हलवताना दिसले, तर त्याला नीट उभे राहायला सांगू नका. त्याचा अभ्यास चाललेला असतो. आणि शाळेत तेच पोर तुमच्या वर्गात आले, तर पाटी देण्याआधी त्याला अंगणात चार पावले चालू द्या.